उद्याचं पाणी उद्या

ग्वाल्हेरमध्ये मराठी ख्रिस्ती घरं मोजकीच. कोणी रेल्वेच्या नोकरीमुळे आलं, कोणी नर्सिंगमुळे, कोणी शाळेत शिकवायला आलं आणि इथंच स्थिरावलं. रविवारची उपासना हिंदीत, जेवणाआधीची प्रार्थना मराठीत, आणि कपाटात नगरहून आणलेलं ‘उपासना संगीत’. अशा घरी संध्याकाळच्या प्रार्थनेला चारजण जमले की शेवटी विनंत्या सांगायची वेळ येते. हल्ली त्यात एकच विनंती वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते: देवाची योजना काय आहे ते एकदाचं कळू दे. मुलीचं नर्सिंग पूर्ण झालंय, तिनं आखातात जावं की इथल्याच रुग्णालयात लागावं? मुलानं स्पर्धा परीक्षेला आणखी एक वर्ष घालवावं का? नगरचं वडिलोपार्जित घर विकावं का? निवृत्तीनंतर पुण्याला मुलाकडे जावं, की हात-पाय चालतात तोवर इथंच राहावं?

या विनंत्यांमागची काळजी खरी आहे. तिला कोणी हलकं लेखू नये. पण त्या काळजीत एक अपेक्षा मिसळलेली असते आणि ती माणसाला पोखरते. आपल्याला देवाकडून पुढच्या दहा-पंधरा वर्षांचा पक्का आराखडा हवा असतो. तो हाती आला की आपण निर्धास्त होऊ आणि मग खरा विश्वास ठेवू, असं आपण धरून चालतो. देवानं असा आराखडा सहसा कोणाच्या हाती दिलेला नाही. अब्राहाम घर सोडून निघाला तेव्हा आपण कुठे चाललोय हे त्याला ठाऊक नव्हतं. इब्री लोकांस पत्राच्या ११ व्या अध्यायात तसं स्पष्टच सांगितलं आहे. योसेफाला लहानपणी मोठमोठी स्वप्नं पडली, पण विहीर, गुलामी आणि तुरुंग त्यांत कुठेच नव्हते. देवानं या माणसांना दिला तो रोजचा सहवास आणि त्या-त्या दिवशी पुरेल इतका उजेड. आपल्यालाही त्यानं तेवढंच देऊ केलं आहे. मी खात्रीनं सांगतो, तेवढं पुरतं.

आपल्यापैकी बऱ्याच घरांत भिंतीवर यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातलं ११ वं वचन लावलेलं असतं. देवाच्या मनात आपल्याविषयी भल्याचेच विचार आहेत आणि तो आपल्याला भविष्य व आशा देणार आहे, अशा अर्थाचं ते वचन. नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या पोराला आपण ते वाचून दाखवतो, आणि त्यात गैर काही नाही. पण कधीतरी तो अख्खा अध्याय वाचा. ते एक पत्र आहे. यरुशलेमेतून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानं ते पाठवलं. त्या लोकांना एकच प्रश्न पडला होता: आपण घरी कधी जाणार? हनन्या नावाचा एक संदेष्टा दोन वर्षांत सगळं सुरळीत होईल असं छातीठोकपणे सांगत होता, आणि लोकांना ते गोड वाटत होतं. यिर्मयानं कळवलं ते कडू होतं. सत्तर वर्षं लागतील. म्हणजे ज्यांच्या हाती ते पत्र पडलं, त्यांच्यातले बहुतेक जण परत जाणारच नव्हते. मग त्यांनी करायचं काय? तिथंच घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलामुलींची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

भिंतीवरचं वचन याच पत्रातलं आहे. भल्याच्या योजनेचं आश्वासन आणि आज झाडं लावण्याची आज्ञा ही दोन्ही एकाच पत्रात आली आहेत. आपण आश्वासनाला चौकट करून भिंतीवर टांगतो आणि आज्ञा मात्र विसरून जातो.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसानं तर हे मनावर घ्यावं. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ टाकला आणि त्या छावणीचं शहर झालं. तिथं आज बाड्यावर दुकानं आहेत, शाळा आहेत, कैक पिढ्यांची घरं आहेत. तळ टाकणाऱ्या माणसांना तरी इतकं पुढचं कुठे दिसलं असेल? आणि आपल्यातली काही कुटुंबं इथं तीस-तीस वर्षं राहूनही शेवटी आपल्याला गावीच जायचंय म्हणत शेजाऱ्याशी धड ओळख करून घेत नाहीत. मंडळीतली कुठली जबाबदारी अंगावर घेत नाहीत, दारात साधं लिंबाचं रोप लावत नाहीत. देव पुढचं सांगेल तेव्हा सांगेल. तोवर ज्या गल्लीत त्यानं आपल्याला ठेवलं आहे, तिचं भलं चिंतणं आणि करणं हेच त्याचं मार्गदर्शन आहे. ते आपल्या हातात आलेलंही आहे.

मग उद्याची तरतूद करायचीच नाही का, असं कोणी विचारेल. विमा काढायचा नाही, मुलीच्या शिक्षणाला पैसे बाजूला ठेवायचे नाहीत? याचं उत्तर निर्गमच्या १६ व्या अध्यायात आहे आणि ते फार सुरेख आहे. रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळत असे. माणशी एक ओमर, त्या दिवसापुरता. काहींनी धास्तीपोटी जास्तीचा दडवून ठेवला, तर सकाळी त्यात किडे पडले आणि घाण सुटली. एवढी गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पुढचं मात्र आपण वाचत नाही. सहाव्या दिवशी त्यांना दुप्पट गोळा करायला सांगितलं होतं, कारण सातवा दिवस विसाव्याचा. त्या दिवशीचा साठा नासला नाही. म्हणजे साठवणं हे पाप नव्हतं. देवानं सांगितलं म्हणून साठवलेलं टिकलं आणि भीतीपोटी साठवलेलं सडलं. बँकेत पैसे ठेवावेत, विमाही काढावा. त्या पासबुकाकडे बघून झोप लागते आणि प्रार्थना करून लागत नाही, असं झालं तर मात्र आपला भरवसा कुठे बसला आहे ते ओळखावं.

आता ज्यांच्यामुळे मला हे सगळं लिहावंसं वाटलं, त्या बाईंकडे येतो. आपल्या स्टेशनवरून झेलम किंवा गोवा एक्सप्रेस पकडून पुण्याकडे निघालं की नगर मागे पडतं, दौंड येतं आणि त्यानंतर केडगाव लागतं. या गाड्या तिथं थांबत नाहीत. त्यामुळे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन याच वाटेवर आहे हे कित्येकांच्या ध्यानातही येत नाही. रमाबाईंचं नाव आपण अभिमानानं घेतो, त्यांच्या विद्वत्तेबद्दल बोलतो, त्यांनी केलेल्या बायबलच्या भाषांतराबद्दल बोलतो. पण त्या रोज सकाळी कशा जगत होत्या, इकडे आपलं लक्ष जात नाही.

त्यांचं आयुष्य कुठल्याच आराखड्यानुसार गेलं नाही. १८५८ मध्ये गंगामूळच्या रानात जन्म. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील आणि थोरली बहीण गेली. भावाबरोबर देशभर पायपीट केली, आणि १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि १८८२ मध्ये पती गेले. पदरात लहानगी मनोरमा. पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या आणि तिथं वाँटेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला. मुंबईत १८८९ मध्ये विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं. त्यामागे बॉस्टनच्या एका संस्थेचं दहा वर्षं मदत देण्याचं वचन होतं. दहा वर्षं संपल्यावर काय? त्याची सोय म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेतली आणि फळझाडं लावली. बागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी हा त्यांचा हिशेब होता. देवावर भरवसा ठेवणाऱ्या या बाई हिशेबात पक्क्या होत्या, हे कोणी विसरू नये.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं भुकेनं मरत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंच्या हाती पैसा बेताचा होता, सदनात आधीच मुली होत्या. तरी त्या गेल्या, कारण दुष्काळात आई-बाप गमावलेल्या मुलीचं काय होतं ते त्यांनी स्वतः भोगलं होतं. आगगाडीनं मध्य प्रांत गाठला, हाडांचे सापळे झालेल्या मुली गोळा केल्या आणि घेऊन आल्या. सदन तोवर पुण्याला आलं होतं, आणि पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध होते. एवढ्या मुली शहरात ठेवायची सोय उरली नव्हती. तेव्हा फळबागेसाठी घेतलेल्या केडगावच्या रानात तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. जमीन घेताना मनात बाग होती. देवानं ती जमीन कशासाठी घेववली होती, ते मुली दारात उभ्या राहिल्या तेव्हा कळलं.

बॉस्टनच्या मदतीची मुदत १८९८ मध्ये संपली. त्यानंतर गुजरातचा १९०० चा दुष्काळ आला आणि मुक्तीमधली माणसं दोन हजारांच्या घरात गेली. त्या काळची एक गोष्ट रमाबाईंनी स्वतः नोंदवून ठेवली आहे. केडगावचं रान कोरडं, पावसानं ओढ दिलेली, आणि भरवशाच्या विहिरी दोन. एवढ्या माणसांचं पिणं आणि स्वयंपाक, शंभरावर गुरं, चालू असलेलं बांधकाम, हे सगळं त्या दोन विहिरींवर. संध्याकाळपर्यंत उपसा होऊन पाणी तळाला जायचं, खाली चिखल दिसायचा. उद्या काय करायचं, असं बघणाऱ्याला वाटायचं. सकाळी झऱ्यांतून त्या दिवसापुरतं पाणी विहिरीत आलेलं असायचं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तळ, तिसऱ्या सकाळी पुन्हा पाणी.

या गोष्टीत आपण सहसा चमत्कार शोधतो. मी तुम्हाला संध्याकाळकडे बघायला सांगेन. रमाबाईंनी ते पाणी संध्याकाळपर्यंत वापरू दिलं. उद्या पुरेल की नाही या धास्तीनं आज मुलींना अर्ध्या तांब्यावर ठेवलं नाही. आज आलेलं पाणी आजच्या तहानेसाठी आहे, हे त्यांनी मानलं. आणि हातावर हात ठेवून त्या बसल्या नव्हत्या. विहिरी खणवल्या जात होत्या, मुली छापखाना, विणकाम, शेती शिकत होत्या, पै-पैचा जमाखर्च ठेवला जात होता. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र त्यांनी वाचलं होतं. त्यानं अनाथ मुलांची घरं कोणापुढे हात न पसरता, प्रार्थनेच्या बळावर चालवली. हे हिंदुस्थानात होईल का, असा प्रश्न त्यांना पडला होता. त्याचं उत्तर त्यांना रोज सकाळी थोडंथोडं मिळत गेलं.

शेवटीही आराखडा मोडलाच. मनोरमानं त्यांच्यामागे मुक्तीचा कारभार पाहायचा, असंच सगळे धरून होते. १९२१ च्या जुलैमध्ये मिरजेला मनोरमाच वारली. रमाबाईंचं तेव्हा वय झालेलं, कान गेलेले. हिब्रू आणि ग्रीक शिकून, वर्षानुवर्षं खपून केलेल्या मराठी बायबलच्या कामाला त्या दुःखातही बसत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी देह ठेवला. बायबल छापून बाहेर पडलं १९२४ मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यातून.

रमाबाईंपर्यंत ख्रिस्ताची ओळख ज्यांच्या लिखाणानं नेली, त्यांत एक माणूस आपल्या शेजारचा होता, हे इथल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. नेहेमिया गोऱ्हे, पूर्वीचे नीळकंठशास्त्री. चित्पावन कुटुंब, १८२५ चा जन्म, तोही झाशीजवळच्या काशीपुरा गावातला. ग्वाल्हेरहून झाशी रेल्वेनं तास-दीड तासावर. ते वाढले बनारसला, आणि १८४८ मध्ये जौनपूरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्म्यानंतरही शंकांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. आपण चुकलो तर नाही ना, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर छळत राहिला. पंडित होते, प्रत्येक गोष्ट तपासून बघायची सवय होती, आणि मनाला स्वस्थता अशी कधी मिळाली नाही. तरी ते लिहीत राहिले, शिकवत राहिले, कोणी विचारायला आलं की शांतपणे समजावत राहिले. पुण्यात रमाबाईंशी त्यांची गाठ पडली आणि त्यांच्या लिखाणाचा रमाबाईंवर परिणाम झाला. गोऱ्हे १८९५ मध्ये मुंबईत वारले. मुक्ती त्यानंतर उभी राहिली, ती त्यांनी पाहिली नाही.

शंका येतात म्हणून माझा विश्वास खोटा आहे, असं म्हणणाऱ्या तरुणांना मी नेहमी गोऱ्हेंचं चरित्र सांगतो. काल सगळं स्पष्ट होतं आणि आज सकाळी पुन्हा धूसर झालं, असं होतं. त्याची लाज वाटू देऊ नका. आजचं कर्तव्य करायला आजचा थोडका विश्वास पुरतो.

इथं बंद दारांविषयीही बोललं पाहिजे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६. पौलाला आशियात उपदेश करायचा होता, आत्म्यानं मनाई केली. बिथुनियाकडे जाऊ पाहिलं, तिथंही अडवलं. दोन्ही वेळा कारण सांगितलं नाही. तो चालत-चालत त्रोवसच्या किनाऱ्यावर येऊन पोचला. त्या रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला. फिलिप्पैला गेल्यावर नदीकाठी लुदिया भेटली, आणि मागाहून तिथंच तुरुंगही वाट्याला आला. दृष्टान्त झाला म्हणून वाट सोपी झाली नाही. आणि काही दारं तर कधीच उघडत नाहीत. गोव्याहून निघालेले तीन जेझुइट पाद्री १५८० च्या सुरुवातीला ग्वाल्हेरवरूनच अकबराच्या फत्तेपूर सिक्रीला गेले. बादशहा ख्रिस्ती होईल अशी त्यांना मोठी आशा होती. ती फळाला आली नाही. देवाची इच्छा म्हणजे आपल्या मनासारखं होणं, ही समजूत जितकी लवकर सुटेल तितकं बरं.

आमच्या मंडळीत एक बाई होत्या, परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. नवऱ्याचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. अशा रुग्णाला पाणी मोजून द्यावं लागतं. त्या रोज सकाळी एका बाटलीत डॉक्टरांनी सांगितलेलं दिवसभराचं पाणी भरत आणि त्यांच्या खाटेजवळ ठेवत. गोळ्या गिळताना, तोंड कोरडं पडलं की, घोट घ्यायचा तो त्याच बाटलीतून. मे महिन्यात इथलं ऊन पंचेचाळीसला टेकतं, तेव्हा ती बाटली संध्याकाळपर्यंत पुरवणं म्हणजे दोघांचीही परीक्षाच. मूत्रपिंडाचं रोपण होईल का, पैसा कुठून आणायचा, सगळे त्यांना विचारत. त्या चिडत नसत. चौकशी चालू आहे म्हणायच्या, कागदपत्रं दाखवायच्या आणि उठून औषधाच्या वेळेकडे बघायच्या. एकदा मी त्यांना विचारलं, तुम्ही प्रार्थनेत काय मागता? “आजच्या बाटलीपुरता धीर,” त्या म्हणाल्या. “उद्याची उद्या भरीन.” त्यांच्यापाशी बसलं की विश्वास शिकता यायचा.

तर वाचकहो, रोजच्या व्यवहारात हे करायचं कसं?

सकाळी मोबाईल हातात घ्यायच्या आधी एवढंच विचारा: प्रभू, आज काय? बहुतेक दिवशी उत्तर आधीच ठाऊक असतं. शेजाऱ्याचे घेतलेले पैसे परत द्यायचे आहेत. भावाशी धरलेला अबोला सोडायचा आहे. आईला दवाखान्यात न्यायचं आहे. कामाच्या ठिकाणी खोटी सही करायला सांगितली जाईल, ती करायची नाही. देवाची इच्छा कळत नाही असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा कळलेली इच्छा बाजूला सारून न कळलेलीची चौकशी चाललेली असते. कळलेलं आधी करावं. त्यातूनच पुढचं दिसू लागतं, हा माझा अनुभव आहे.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे आग्रा ते झाशी धुक्याची दुलई पसरते. अशा रात्री इंजिनचालकाला सिग्नल लांबून दिसत नाही, म्हणून सिग्नलच्या अलीकडे रुळावर फटाके बांधून ठेवतात. चाकाखाली ते फुटले की चालकाला कळतं, सिग्नल जवळ आला. तो दिल्ली दिसेपर्यंत झाशीला थांबून राहत नाही, आणि दिसत नसताना गाडी भरधावही सोडत नाही. पुढच्या सिग्नलपर्यंत सावधपणे जातो. मोठ्या निर्णयातही असंच चालावं. परदेशी नोकरीचा फॉर्म भरायचा का यावर महिनोन्‌महिने खल करत बसू नका. शास्त्राविरुद्ध काही नाही, घरच्यांशी बोलणं झालं आहे, पाळकांचा किंवा मंडळीतल्या जाणत्या माणसांचा सल्ला घेतला आहे, एजंटचा परवाना आणि करार नीट तपासला आहे, तर शेवटच्या तारखेच्या आत फॉर्म भरा. निवड झाली तर पुढचा प्रश्न तेव्हा विचारू. नाही झाली तर तेही उत्तरच समजा.

तीन गोष्टींपासून मात्र दूर राहा. एक, डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आजचा हुकूम मानायचा. शास्त्र रोज ओळीनं वाचावं. ते वाचून मन घडतं, आणि घडलेलं मन निर्णय घेतं. दुसरी, फोनवर भविष्य सांगून देणगी मागणारे. तुमच्या मुलाचं लग्न कोणत्या महिन्यात होणार हे अनोळखी माणूस पैसे घेऊन सांगत असेल, तर तो हनन्याच्या जातकुळीचा आहे. त्यानंही लोकांना आवडेल तेच सांगितलं होतं. तिसरी गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. ‘देवानं मला सांगितलंय’ हे वाक्य मुलांवर, विशेषतः मुलींवर, दडपण आणायला वापरू नका. लग्नाच्या बाबतीत तर कधीच नाही. देवाला तुमच्या मुलीशी बोलायचं असेल तर तो तिच्याशीही बोलेल.

आजारपणात देवावर भरवसा म्हणजे औषध बंद करणं नव्हे, हेही स्पष्ट सांगायला हवं. डॉक्टरही देवाच्याच दयेनं मिळतात. मधुमेहाची गोळी प्रार्थना करून घ्यावी, प्रार्थना केली म्हणून सोडू नये. मन सतत खचत असेल, झोप उडाली असेल, जगू नये असं वाटत असेल, तर ते विश्वास कमी पडल्याचं लक्षण मानून लपवू नका. घरच्या माणसाला सांगा, पाळकांना सांगा आणि डॉक्टरकडे जा. सारफथच्या विधवेच्या घरी मडक्यातलं पीठ आणि कुपीतलं तेल संपलं नाही, ही गोष्ट आपल्याला आठवते. त्याच घरी आसरा घेतलेला एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागेल असं कोणाला वाटलं असतं? पण पुढे तेही झालं. आणि तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, उठवून खायला दिलं, पुन्हा झोपू दिलं आणि मग पुढच्या प्रवासाला लावलं. थकलेल्या माणसाशी देव असा वागतो. आपणही एकमेकांशी तसंच वागावं.

म्हणून माझी एक विनंती आहे, आणि ती आपल्या प्रार्थनासभांसाठी आहे. या आठवड्यात कोणाच्या घरी जमाल तेव्हा विनंत्या सांगताना पुढच्या वर्षांच्या चिंतांबरोबर एक गोष्ट अशी सांगा, जी देवानं आज तुमच्यापुढे ठेवली आहे आणि तुम्ही टाळत आहात. दुसऱ्यांनी तिच्यासाठी प्रार्थना करावी. पुढच्या आठवड्यात, ती केली का, हे प्रेमानं विचारावं. ज्यांच्या घरी आजारपण आहे त्यांच्याकडे प्रार्थनेला जाताना जेवणाचा डबा घेऊन जा. एखाद्या घरची फी भरायची राहिली असेल तर गाजावाजा न करता भरा. इथल्या मंडळ्या लहान आहेत, म्हणून कोणाला काय हवं ते कळायला वेळ लागत नाही. नव्यानं बदली होऊन आलेलं मराठी कुटुंब दिसलं तर त्यांना पहिल्याच रविवारी घरी जेवायला बोलवा. ते इथं किती वर्षं राहणार आहेत, हे त्यांनाही ठाऊक नसेल.